राखाडी ट्रकची खंडेनवमी

मेहुण्याने आइंडहोव्हनची नोकरी सोडून ट्रक घेतला, तेव्हा घरात सगळे धास्तावले. मी शांतपणे एक्सेल शीट उघडली.

फुलांच्या एका डच व्यापाऱ्याने त्याला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. अट एकच, त्याच्या एका ट्रकच्या कंपनीचं सुरक्षेचं मानांकन हिरवं हवं. रस्त्यावरच्या तपासणीत काय सापडतं त्यावरून इथे वाहतूक कंपन्यांना रंग मिळतात. हिरवा चांगला, नारिंगी बरा, लाल वाईट. मेहुण्याचा राखाडी होता. राखाडी म्हणजे एकही डाग नाही, असं मी हार्लेमच्या घरी चहा पिताना त्याला छातीठोक सांगितलं. व्यापाऱ्याने सांगितलं, राखाडी म्हणजे तुला अजून कोणी तपासलेलंच नाही.

थोडक्यात, आधी कोणीतरी अडवायला हवं. चार शनिवार आम्ही महामार्गावर रिकामा ट्रक फिरवला. तपासनीसांची गाडी दिसली की मेहुणा वेग कमी करायचा आणि मी खिडकीतून आशेने बघायचो. ते हसून हात करायचे आणि पुढे जायचे.

पाचव्या शनिवारी खंडेनवमी होती. बायको म्हणाली, ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करा. मी स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, आरशांना लावलं आणि हौसेने ड्रायव्हरच्या कार्डालाही लावलं. हे कार्ड यंत्रात घातलं की गाडी किती तास चालवली त्याची नोंद होते. माझं बोट नेमकं चिपवर टेकलं. यंत्राने कार्ड नाकारलं. वीस वर्षं आयटीत काढलेला मी म्हणालो, चालव रे, होईल आपोआप सुरू.

दोन तासांनी आम्हाला अडवलं. मेहुण्याने पाहुणे आल्यासारखी काच खाली केली. तपासनीसाने कार्ड पुसून घातलं, ते चाललं. तो आम्हाला सोडणारच होता. पण मला राहवेना. सकाळपासूनची नोंदच नाही, हे मी त्याला सांगितलं, आणि पूजेचं महत्त्वही. त्याने कागदावर ‘लाल पूड, धार्मिक कारण’ असं लिहून घेतलं. आयुष्यातली एकुलती एक तपासणी अशी झाल्यावर रंग थेट लाल.

परत येताना मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही यापुढे ट्रकमध्ये बसू नका.”

पण लाल कंपन्यांना सारखं अडवतात. दर आठवड्याला तपासणी, दर वेळी सगळं नीट. ट्युलिपच्या हंगामाआधी रंग हिरवा झाला आणि व्यापाऱ्याने काम दिलं. करारावर सही करायला मेहुण्याने मलाही बोलावलं. तो ट्रक घेऊन पुढे गेला, मी सायकलवरून मागून पोचलो.