कापूर पेटायच्या आधी

दसऱ्याच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, कुंभिवलीच्या नाक्यावर चाचा मिस्तरींवर अन्याय झाला. आग पुरती विझली नव्हती, तोवर ठरलंही होतं: चूक मिस्तरीची.

चाचा गाडीला हात लावायच्या आधी तिला हुंगायचे. गुडघ्यावर बसून टाकीखाली नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पेट्रोल जातंय." ड्रायव्हर चिडवायचे, "चाचा, घरी काय शिजलंय ते पण सांगा की." "तुजं डोकं शिजलंय. आधी चावी काढ."

एका बनावटीच्या तीनचाकी मालरिक्षांत टाकीची रबरी नळी खालच्या पत्र्याच्या कडेवर घासून चिरायची. असल्या नळ्या चाचांनी गॅरेजात खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी कंपनीला पार्सलनं धाडली. सोबतचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. "कडक लिव गं, पण शिवी नको." उत्तर आलं नाही.

मग दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते या रिक्षावाल्यांच्या दारोदार फिरत. "हळद लावा, झेंडू घाला, नारळ फोडा. कापूर मात्र दहा पावलं लांब."

माझे वडील, आमचे अण्णा, हसले. "चाचा, आमच्या पूजेत तुमचा कायदा?"

"पूजा तुमची, अण्णा. नळी कंपनीची हाय."

त्या वर्षी आमच्या मालरिक्षाची नळी चाचांनीच आठ दिवस आधी बदलली होती, मी बॅटरीचा उजेड धरला होता. नळी नवी, पत्रा तोच. नवी नळी म्हणून अण्णा निर्धास्त. त्यांनी कापराचं ताट चाकापाशीच ठेवलं. काडी मी ओढली. समोरच्या गॅरेजातून चाचा धावत आले, "मागं हो गं" म्हणत मला ढकललं, आणि माझ्या जागी ते उभे राहिले, तोच भडका उडाला.

पंचनाम्याला गाड्या विकणाऱ्या एजन्सीचा माणूस आला. म्हणाला, गाडीला बाहेरच्या मिस्तरीचा हात लागलाय. तेच लिहिलं गेलं. अण्णांनी सही केली.

दवाखान्यात चाचांचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. "नळीची क्लिप मी आवळली व्हती ना गं? बॅटरी तूच धरली व्हतीस."

"आवळली होती, चाचा. मी पाहिली."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. चौथ्या दिवशी ते गेले, तोवर मला हेच विचारत होते.

पुढे एजन्सीतल्या एका कारकुनानं मला एक कागद दाखवला. कंपनीचा, दसऱ्याच्या आधीच्या पावसाळ्यातला. नळीखालचा पत्रा घासतो, गाडी सर्व्हिसिंगला आली तर कापून द्यावा, गिऱ्हाइकांना मुद्दाम कळवू नये. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चाचा मात्र स्वतःच्या हातांवर शंका घेत मेले.

आजही काडी ओढली की मला कोणीतरी टाकीखाली गुडघ्यावर बसलेलं दिसतं. मी काडी विझवते.

ती मालरिक्षा तुमच्या दारात असेल तर आजच ढकलत एजन्सीत न्या. तो कागद मागा. पत्रा कापून मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि त्या पंचनाम्यावर तुमची सही असेल, तर ती लेखी मागे घ्या. घरात अण्णांनाही मी रोज हेच सांगते.