शिवाजी पेठेतला टाको

धाकट्या भावाची, दिनूची, माफी मागायची म्हणून मी पुण्याहून कोल्हापूरची एसटी पकडली. बायकोला मात्र सहज जाऊन येतो म्हणालो. साताऱ्यापुढे गाडी पंक्चर झाली. परत फिरायला चांगलं निमित्त होतं, ते मी घेतलं नाही. तेवढीच माझी मर्दुमकी.

स्टँडवर रिक्षावाल्याला शिवाजी पेठेतलं टाकोचं दुकान विचारलं.

"मेक्सिकोवाल्याचं व्हय? बसा की. झणका हाय बगा तितं."

तालमीशेजारचा गाळा, चार बाकडी, भिंतीवर फुटबॉल संघांचे फोटो. दिनू सहा वर्षं जहाजाच्या भटारखान्यात राबला आणि तिथल्या मेक्सिकन आचाऱ्याकडून हे शिकला. टाको (मक्याच्या तळहाताएवढ्या भाकरीत घडी घालून दिलेलं मटण, वर कांदा आणि लिंबू) त्याने माझ्या मुलीच्या लग्नातही हौसेने करून आणले होते. एप्रन घालून स्वतः वाढत होता. व्याह्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, केटरिंगचे आहेत. दिनू मागेच उभा होता. तो न जेवता गेला, त्याला वर्ष झालं.

"दिनू," मी हाक मारली.

त्याने तव्यावरून मान वर केली. "या की पावणं. मटण देऊ का चिकन?"

कोल्हापुरात पावणं म्हणतात ते अनोळखी माणसाला. हा जन्मभर मला दादा म्हणत आला होता. वाटभर मी माफी घोकत आलो होतो.

"मटण," मी म्हणालो.

टाको उत्तम होता. हे लिहितानाही जिवावर येतंय. समोरच्या बाकड्यावर दात पडलेले एक आबा कुरकुरत होते, "वर रस्सा न्हाय व्हय रं?"

"ह्यात रस्सा नसतोय, आबा."

"मग गिळायचं कसं?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ह्यो कोण रं? नाक तुज्यासारखंच हाय की!"

दिनूने माझ्याकडे पाहिलं. तव्यावरचा त्याचा कालथा थांबला. मी बोलायची ती वेळ होती. मी तोंड उघडलं ते पुढचा घास घालायला.

"गिऱ्हाईक हाय, आबा. पुण्याचं," तो म्हणाला आणि तव्याकडे वळला.

परतीच्या गाडीत बायकोचा फोन आला. तिला न सांगताही सगळं कळलं होतं. "भावजी काय म्हणाले?"

"टाको चांगले होते," मी म्हणालो.

खिडकीबाहेर ऊस संपता संपत नव्हता आणि मला स्वतःचा संताप येत होता. मांडवात निदान समोर व्याही होते, त्यांच्यापुढे प्रतिष्ठा मिरवायची होती. शिवाजी पेठेत तर नुसते रस्सा मागणारे आबा होते, आणि त्यांनाही हा माझा भाऊ आहे असं मला सांगता आलं नाही.