जुमुर्रुद आजींची डुलकी

दमास्कसच्या डोंगरउतारावर सूत कातणाऱ्या नव्वदीच्या जुमुर्रुद आजींच्या दारात एका सकाळी शेख मुईन येऊन थडकले. मागे कैरोहून पायपीट करून आलेले वीस विद्यार्थी, हातात पैगंबरवचनांची जुनी पोथी.

"आजी, पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका थोर गुरूंसमोर ही वाचली गेली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. बाकी सगळे गेले. तेव्हा तुम्ही ऐकलेली पानं आता तुमच्यासमोर वाचली, तरच आमची परंपरा त्या गुरूंशी जोडली जाईल."

"अरे, मी पाच वर्षांची होते! बापाने मनुका देऊन बसवलं होतं. मला काय आठवतंय, कपाळ?"

"तुम्ही नका आठवू, यादी आहे ना." शेखांनी वाचलं, "जुमुर्रुद, विणकराची मुलगी. तिसऱ्या बैठकीत झोपली."

आजींची चाती थबकली. "मेल्यांनी तेही लिहून ठेवलं?"

वाचन सुरू झालं. तिसऱ्या बैठकीची पानं आली, तसे विद्यार्थी गयावया करू लागले. "आजी, एवढ्या लांबून आलोय. थोडं तरी ऐकलं असेलच ना? हो म्हणा!"

"पैगंबरांच्या नावाने खोटं बोलू? गाढवांनो, ती पानं माझी नाहीत."

वीसही लेखण्या निमूट खाली ठेवल्या गेल्या. शेखांनी मान लववली आणि ती पानं न वाचताच उलटली.

आजी बघतच राहिल्या. त्यांची झोप आजवर कुणी एवढी मनावर घेतली नव्हती.