विहिरीपाशी उभा राहिलेला शेतकरी

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे एक छोटा सिनेमा कॅमेरा होता. बटण दाबलं की तो एकच चित्र घ्यायचा. बाहुली जराशी सरकवायची, बटण दाबायचं, पुन्हा सरकवायची. पडद्यावर ती आपोआप चालताना दिसते. गॅदरिंगसाठी सरांनी असा सिनेमा करायचं ठरवलं आणि बाहुल्यांचं काम मला आणि वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या, मानवत गावच्या मुलाला दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अशा पोराला सरांनी बोलावलं, ते उपकार मी अजून मानतो.

गोष्ट एवढीच, की एक शेतकरी विहिरीपासून घरापर्यंत चालत जातो. पोखर्णीच्या जत्रेतून आम्ही प्लास्टिकचे बोटभर शिपाई आणले. मी एकच घेतला. तापलेल्या सुईने त्याची बंदूक कापली, हातात लाखेने खुरपं बसवलं, वडिलांच्या फाटक्या धोतराची चिंधी नेसवली, लाल दोऱ्याचा फेटा गुंडाळला. काजळाची मिशी काढली. वसतिगृहातली सगळी पोरं बघून गेली. मी आईला निरोप धाडला, माझी बाहुली सिनेमात चालणार आहे, नक्की ये.

मानवतचा मात्र शिपायांचा ढीग घेऊन बसला होता. ना चेहरा, ना फेटा, सगळ्यांना नुसता पांढरा रंग फासलेला. त्यांचे पाय कापायचा आणि तापवून पुन्हा जोडायचा. मला मनातून हसू येत होतं.

चित्रं घ्यायच्या दिवशी सर मला म्हणाले, "आता याचा पाय पुढे घे."

"सर, मोडंल."

"मग चालणार कसा हा?"

"माझ्याकडं लय हायेत, सर," मानवतचा म्हणाला. "ह्याचा पाय जरा म्होरं, ह्याचा अजून म्होरं. एक उचलायचा, त्याच जागी दुसरा ठिवायचा."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं.

"अन् तुझा नवरदेव रे?" दिवा धरून उभा असलेला पोरगा मला म्हणाला. "त्याला घोडा लागंल आता!"

सरांनी माझा शेतकरी विहिरीपाशी उभा केला. "इथे शोभेल," म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले, पण मला ते टोचलं. त्या दिवसापासून मानवतच्या मुलाचं हसणंसुद्धा मला खपेना.

गॅदरिंगला आई पिंगळीहून आली. पडद्यावर तो पांढरा, बिनचेहऱ्याचा गडी लटपटत चालू लागला आणि सगळा हॉल ओरडायला लागला. आईने माझा दंड धरला.

"आगं माय, कसा चालायलाय बघ! तूच केलास ना रे ह्यो?"

मानवतचा माझ्या पलीकडेच बसला होता. तो गप्प राहिला, त्याचाही मला राग आला.

"न्हाई. माझा त्यो विहिरीपाशी हाय."

"कुठं?"

तोवर विहीर मागे गेली होती.

"मग ह्यो कुणी केला?"

मी बोट दाखवलं. आईने माझ्या पुढून हात लांबवले, त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "गुणाचं हाय लेकरू," म्हणाली.

तोवर ती बोटं तिने फक्त माझ्यासाठी मोडली होती.