बापाने मातीत काढलेली गोल वाट

बंडीला जुंपलेल्या बैलाला मागे सरता येत नाही, हे सांगायला माझ्या बापाला गोऱ्या साहेबापुढे उभं राहावं लागलं. अमेरिकेतल्या लढाईने आमच्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता, आणि त्याच धांदलीत आगगाडी बडनेऱ्यापर्यंत येऊन ठेपली होती. अमरावतीकडचा कापूस आम्ही बंड्यांनी तिथे न्यायचा आणि पुढे मुंबईला तो आगगाडीने न्यायचा, असं ठरलं. साहेबाने काठीने मातीत सरळ रस्ता आखला, थेट मालधक्क्यापर्यंत. बापाने विचारलं, भरल्या बंड्यांची रांग आत शिरली की पहिली बंडी बाहेर कशी निघणार? साहेब हसला नाही. त्याने पायाने रेघ पुसली आणि काठी बापाच्या हातात दिली. बापाने गोल वाट काढली: एकीकडून यायचं, माल टाकायचा, विहिरीवर बैलांना पाणी पाजायचं, दुसरीकडून निघायचं.

एवढं करूनही आगगाडीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जन्मभर त्याने कापूस बंडीनेच मुंबईला नेला होता. जाऊन यायला चार महिने. त्याच वाटेवर माझा मामा तापाने गेला होता. तेव्हापासून शिदोरी बांधताना आई कोणाशी बोलत नसे. यंदाही बापाने चार महिन्यांचं पीठ-तिखट बांधून घेतलं. गाडी अडली तर पुढे न्यायला आपण आहोतच, म्हणाला. माझं नुकतं लग्न झालेलं. मला त्याचा भयंकर राग आला.

गाडी आली. बैल बुजले, मीही बुजलो. मग तिने विहिरीचं पाणी घेतलं. हिलाही पाणी लागतं हे पाहून बापाला जरा धीर आला. गावोगावचा कापूस पोटात घेऊन ती बघता बघता दिसेनाशी झाली. इकडे बंड्या गोल वाटेने सरकत होत्या, एकही अडली नाही. खरं सांगतो, गाडीपेक्षा मला त्या वाटेचंच जास्त नवल वाटलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. बंड्या पाहताच आई दारात मटकन बसली. मुंबईला निघालेली माणसं इतक्या लवकर परततात ती वाईट बातमी घेऊनच, एवढंच तिला ठाऊक होतं. ती एकेकाचं तोंड बघत राहिली.

"कोन राह्यलं मांगं?" तिने बापाला विचारलं.

"कोनीच नाई," बाप म्हणाला. "सारे आलो."

त्याने पिठाचं गाठोडं जसंच्या तसं तिच्यापुढे ठेवलं. ते पोटाशी धरून ती खूप रडली. मग त्यातलंच पीठ काढून तिने आम्हाला भाकरी केल्या.