शेवळाची भाजी आणि दोन किलो काकडी

माझ्या भाचीचं लग्न कांदेपोह्यांवर जमणार असतं, तर मला हे लिहायची वेळच आली नसती. पोह्यांनी आजवर कोणाचा घसा धरल्याचं ऐकिवात नाही.

मुलगा तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आपापसात ठरलेलं होतं. राहिली होती ती मुलाची आई. वडील नव्हते, त्यामुळे सगळी सत्ता एकाच ठिकाणी. या बाई बँकेतून निवृत्त झाल्या आणि डोंगर चढायला लागल्या. साठीनंतर माणसं गुडघ्यांना तेल लावतात. या गुडघ्यांना कामाला लावत होत्या. त्यांचा निरोप आला तो असा: "घरी नको. घरात सगळेच चांगले वागतात. रानात भेटू, चुलीवर काहीतरी करून खाऊ. माणूस तिथे कळतो. आम्ही शाकाहारी आहोत."

"मुलगी बघायला येतायत की वाघ?" माझी ताई म्हणाली.

भाची मात्र हसली नाही. ती कल्याणहून एकटीच शहापूरला माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "मामा, त्या नाही म्हणाल्या तरी तो लग्न करेल माझ्याशी. पण मग जन्मभर सणावाराला मी आणि त्या एकमेकींकडे न बघता पुरणपोळ्या लाटणार. मला तसं घर नको. आणि घोळ असा आहे, की मला त्या आवडतात."

"मग काय करू म्हणतेस?"

"तू जेवण कर. आणि बोल कमी."

पहिली गोष्ट मी लगेच कबूल केली.

आता, आमच्याकडे रानात जेवण म्हणजे कोंबडं. भाजी असतेच, पण ती कोंबडं शिजेपर्यंत तोंडात टाकायला. त्यामुळे रानातलं शाकाहारी जेवण ही किती अवघड कला आहे, हे आमच्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. कोंबडं मोठ्या मनाचं असतं. जाळ कमीजास्त झाला, मीठ दोघांनी घातलं, तरी ते सांभाळून घेतं. वांगं तसं नाही. वांग्याकडे पाठ केली की ते अंग टाकून देतं. शिवाय उघड्यावर मसाल्याचा निम्मा वास वारा खातो, म्हणून घरच्यापेक्षा मूठ सैल सोडावी लागते. पण वारा मध्येच पडला तर तीच भाजी पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते. म्हणजे आचाऱ्याला हवामानही कळलं पाहिजे.

मी बेत ठरवला. निखाऱ्यावर भाजलेली मसाल्याची वांगी, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. आणि मानाची भाजी शेवळाची.

शेवळं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मृगाच्या आधी वळवाची एखादी सर पडून गेली, की आमच्या रानात जमिनीतून तपकिरी जांभळट कोंब भाल्यासारखे वर येतात. ती शेवळं. वर्षातून थोडेच दिवस मिळतात. चव अशी, की शाकाहारी माणसाला आपण काहीतरी चोरून खातोय असं वाटावं. पण तिला एक खोड आहे. ती खाजते. नुसती शिजवली तर घशात भाताची कुसळं भरल्यासारखं होतं. त्यावर उपायही त्याच रानात आहे: काकडं. काकड नावाच्या झाडाची ही हिरवी, आंबट, बोरांएवढी फळं. ती ठेचायची, पाण्यात उकळायची, गाळायची आणि ते आंबट पाणी भाजीत घालायचं. खाज गेली. आमच्याकडे बाजारात बायका शेवळांची जुडी आणि काकडं शेजारी शेजारी ठेवूनच बसतात. नवराबायकोसारखी ती, एकाला नेलं की दुसरं आलंच.

भाचीचे वडील, म्हणजे माझे दाजी, सांगलीकडचे. लग्नाला तीस वर्षं होत आली, राहतात कल्याणला, पण आमचं बोलणं त्यांना अजून परकं वाटतं. सरळ मराठी शब्द घेऊन हे लोक त्याचं काहीतरी करून ठेवतात, असं त्यांचं आमच्याबद्दल प्रामाणिक मत आहे. ते कल्याणहून मुरबाडमार्गे येणार होते, म्हणून मी त्यांना फोनवर सांगितलं, "दाजी, मुरबाडच्या बाजारातून शेवळं आणा. आणि काकडं विसरू नका. काकडं नसली तर भाजी होणार नाही."

"काकडं," दाजी म्हणाले. "आणतो की."

जागा माझ्या ओळखीच्या माणसाच्या आमराईत होती. सापगाव मागे टाकून मुरबाडकडे जायला लागलं की रस्त्याच्या आत, ओढ्याच्या काठी. मी सकाळीच जाऊन तीन दगडांची चूल मांडली, लाकडं फोडून ठेवली. पाठोपाठ ताई, दाजी आणि भाची आली, आणि नंतर मुलगा आणि त्याची आई. बाई गाडीतून उतरल्या त्या पायात डोंगरात घालायचे बूट आणि अंगावर इस्त्रीची सुती साडी अशा. त्यांनी आधी चूल बघितली, मग मला.

"वारा कुठून येतोय ते बघून मांडलीय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. मी झाड बघून मांडली होती.

भाचीने मला डोळ्यांनी सांगितलं, की आता गप्प बस. मी गप्प बसायला निघालोच होतो, पण बाईंनी विचारलं, "लाकूड कुठलं?" आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर न देणं आमच्या घराण्यात बसत नाही. लाकडावरून मी मसाल्यावर गेलो, मसाल्यावरून आमच्या गावच्या नाटकावर, ज्यात मी राजा होतो आणि ज्याच्या तिसऱ्या अंकात माझी मिशी वांग्याच्या रश्शात पडली. बाई हसत होत्या. मुलगा लाकडं सारत होता. ताई भाकऱ्यांचं पीठ मळत होती. भाची शेवळं साफ करत होती. हाताला तेल लावून, आतला पिवळा दांडा काढून टाकून, अगदी नीट. मी तेलात कांदा लसूण परतला, शेवळं टाकली, आमचा घरचा मसाला टाकला आणि दाजींना हुकूम दिला:

"दाजी, तुम्ही काकडं ठेचा. पाण्यात उकळा, गाळा, आणि ते पाणी भाजीत ओता."

दाजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि झाडामागे पाटावरवंटा घेऊन बसले. मी मिशीच्या गोष्टीकडे परत वळलो. थोड्या वेळाने दाजींनी भाजीत पाणी ओतलेलं मी पाहिलं. रंग जरा फिका वाटला. मी धुराला दोष दिला.

रानात जेवताना आमच्याकडे पहिला घास देवाचा. भाजी पळसाच्या पानावर काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, त्याआधी कोणी चव बघायची नाही. आचाऱ्यानेही नाही. देवाने तक्रार केली नाही, म्हणून आम्ही वाढायला घेतलं.

पाहुण्यांचा मान पहिला. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, शेवळाची भाजी घेतली, घास तोंडात घातला, चावला. आम्ही सगळे बघत होतो.

"छान," त्या म्हणाल्या.

आमच्या ताईने श्वास सोडला. मीही घास घेतला. दुसऱ्या घासापर्यंत ठीक होतं. तिसऱ्याच्या सुमाराला माझ्या घशात कोणीतरी केरसुणी फिरवायला लागलं. मी आजूबाजूला बघितलं. मुलगा पाणी पीत होता. पिऊन झाल्यावर पुन्हा पीत होता. ताई पदराने गळा पुसत होती, बाहेरून. दाजी हनुवटी वर करून आंब्याच्या झाडाकडे बघत होते, जणू पीक कसं आलंय याचा अंदाज घेतायत.

पाहुण्यांना छान वाटतंय, मग आपल्याला खाजतंय हा आपलाच काहीतरी दोष, असं प्रत्येकाने धरून घेतलं होतं. मी तर त्यातून आचारी. मी बाईंना विचारलं, "अजून थोडी?"

"वाढा," त्या म्हणाल्या. मी वाढली.

"कशी झालीय, मामा?" मुलाने मला विचारलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"जमलीय," मी म्हणालो. माझाही झाला होता.

मग बाईंनी दुसऱ्या वाढपाचा घास घेतला आणि मान डोलावून पुन्हा एकदा, अगदी मनापासून म्हणाल्या, "थान."

तेवढ्यात भाचीने हातातलं ताट खाली ठेवलं. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. बोललं तर पाहुणीला खोटं पाडल्यासारखं होणार, मामाचं नाक कापलं जाणार; नाही बोललं तर सगळ्यांचे घसे जाणार. तिने एकदा त्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "कोणी खाऊ नका. भाजी खाजतेय."

मुलाने घास परत ताटात ठेवला.

"नाही गं," बाई म्हणाल्या, "थानच आहे."

"काकू," भाची म्हणाली, "तुम्ही 'छान' म्हणत नाही आहात. तुम्ही 'थान' म्हणताय."

"काय थांगते!" बाई म्हणाल्या, आणि स्वतःच ऐकून थांबल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. आता या उठणार, बुटांच्या नाड्या बांधणार आणि जन्मभराच्या पुरणपोळ्या गप्प बसून लाटल्या जाणार. भाचीलाही तेच वाटलं असावं, कारण तिने पदराचा काठ, जो त्या दिवशी आईच्या आग्रहाने नेसलेल्या साडीचा होता, मुठीत घट्ट धरला होता.

पण बाईंचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या. हसताना घसा आणखी खाजत होता आणि खाजल्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. "लोकांना बघायला आले," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि पहिल्याच जेवणात मीच खोटं बोलले."

"आंबट! आंबट काहीतरी द्या," मी ओरडलो. आंबट हवं होतं आणि आम्ही आमराईत बसलो होतो. मुलगा झाडावर चढला. मोसमाच्या शेवटी चुकूनमाकून राहिलेल्या कैऱ्या त्याने खाली टाकल्या, भाचीने चिरून मीठ लावून वाटल्या आणि मग बराच वेळ आम्ही सहा माणसं गालांत कैरीच्या फोडी धरून एकमेकांकडे बघत बसलो. लग्न ठरवण्याच्या बैठकीत इतकी शांतता मी कधी अनुभवलेली नाही.

बोलता यायला लागल्यावर चौकशी सुरू झाली.

"दाजी, काकडं घातली होती ना?"

"घातली की ओ! तुम्ही सांगितल्यासारखं. ठेचली, उकळली, गाळली."

"दाखवा बघू."

दाजींनी झाडामागून पिशवी आणली. तिच्यात उरलेल्या काकड्या होत्या. हिरव्यागार, कोवळ्या, कोशिंबिरीच्या.

ताईने कपाळावर हात मारला. "अहो, ही काकडी!"

"मग तेच की! तुम्ही लोक काकडीला काकडं म्हणता. मला काय माहीत नाही होय? तीस वर्षं ऐकतोय." दाजींना खरंच राग आला होता. "आणि ती बाजारातली बाई, तिनं शेवळांबरोबर कसली तरी आंबट फळं पिशवीत घातली होती. मी परत दिली. म्हटलं, आम्हाला हे नको, काकडी आणायला सांगितलीय. म्हणून समोरनं दोन किलो घेतली."

"ती काही बोलली नाही?"

"म्हणाली, 'भाऊ, तुमी ही फळं नेत नाय? खाजंल हां.' मी म्हटलं, खाजू दे." दाजींनी पिशवीचं तोंड बंद केलं. "लई हसली ती."

"आणि उकळताना शंका नाही आली?" मी विचारलं.

"आली की. काकडी कोण उकळतं? पण मेव्हण्याच्या स्वयंपाकात तोंड घालायचं नाही, असं हिनंच मला लग्नात सांगितलंय." त्यांनी ताईकडे बोट दाखवलं. ताईने ते नाकारलं नाही.

बाई हे सगळं ऐकत होत्या. कैरीची फोड त्यांनी शांतपणे चावून संपवली. मग विचारलं, "शेवळं उरलीत?"

"एक जुडी आहे," भाची म्हणाली.

"चूल अजून गरम आहे. कैरी घालून बघू. आंबटाशी काम. मामा, तुम्ही तिकडे बसा."

मला तिकडे बसवण्यात आलं. दाजींना माझ्या शेजारी. त्या दोघी चुलीशी बसल्या. भाचीने कैरी किसली, बाईंनी जाळ बारीक केला. दोघी काहीतरी बोलत होत्या, पण वारा आता उलट दिशेने होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. आयुष्यातली ही एक खंत आहे. मधेच बाईंनी मसाल्याचा डबा हुंगून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. कौतुकाने की कसं, ते मी विचारलेलं नाही.

भाजी झाली. देवाचा घास पुन्हा निघाला, त्याला दुसऱ्यांदा विचारण्यावाचून आमचा इलाज नव्हता. मग बाईंनी भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली आणि भाचीपुढे धरली.

"आधी तू. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे."

भाचीने घास खाल्ला. आम्ही वाट बघत होतो. शेवळाची खाज लगेच कळत नाही, ती मागून येते, हे आता तिथल्या प्रत्येकाला स्वतःच्या घशावरून माहीत होतं. मुलगा तर श्वास घ्यायचा विसरला होता. भाची मात्र मजेत चावत होती, गरजेपेक्षा बरीच जास्त. हे तिने माझ्याकडून घेतलंय.

"छान," ती शेवटी म्हणाली.

"छान की थान?"

"छान, आई."

'काकू'चं 'आई' झालेलं सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी भाचीच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः वाढायला सुरुवात केली. ताई उगाचच धुराकडे तोंड करून डोळे पुसायला लागली. मीही एखादं भाषण करावं म्हणून उठलो होतो.

पण दाजी माझ्या आधी उठले. त्यांच्या हातात पिशवी होती.

"ते सगळं झालं," ते म्हणाले, "पण काकडी तरी खा की कोणीतरी."