वरचं खाली काढणारे सर

आमचे मराठीचे सर चपला काढून टेबलावर चढायचे आणि जमिनीवर ठेवलेल्या तांब्याकडे टक लावून बघत राहायचे. मग एकेका पोराला वर बोलवायचे. "वरून काय दिसतं?" पोरगं म्हणायचं, "तांब्या." "तांब्या आहे हे तुला माहीत आहे. दिसतं काय ते सांग." नुसते गोल दिसतात, एकात एक, एवढं कळायलाच आम्हाला आठवडा गेला. येणारे-जाणारे खिडकीतून हा तमाशा बघायचे आणि मास्तर कामातून गेले म्हणायचे.

वेडबिड काही लागलं नव्हतं त्यांना. आकुर्डीच्या अलीकडे आमच्या गावच्या जमिनी कंपनीत गेल्या, तेव्हा घरटी एक पोरगं कामाला घेऊ, असं साहेबलोकांनी तोंड भरून सांगितलं होतं. जमिनीला कुंपण पडलं आणि भाषा बदलली. पोरगं घेऊ, पण त्याला यंत्राचं ड्रॉइंग यायला हवं, त्याची परीक्षा घेऊ. आमच्या घराण्यात कुणी पट्टी धरून रेघ ओढली नव्हती. शाळेने घाईघाईने आठवीपासून तो विषय लावला, पण शिकवणार कोण? ज्याला येत होतं तो केव्हाच कंपनीत चिकटला होता. शेवटी हेडमास्तरांनी विषय मराठीच्या सरांच्या गळ्यात मारला.

सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, "मला हे येत नाही. तुम्हालाही येत नाही. तेव्हा आपण एकाच वर्गातले." पुण्याच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. शब्दकोश शेजारी ठेवून ते घरी वाचायचे आणि कळलं तेवढंच वर्गात शिकवायचे. काही अडलं की "उद्या सांगतो" म्हणायचे आणि खरंच सांगायचे. असा मास्तर मला पुन्हा भेटला नाही.

एकदा मी चौरंगाचं समोरून दिसणारं चित्र काढलं आणि त्याला चार पाय दाखवले. सर म्हणाले, "समोरून चार दिसले तुला?"

"न्हाई सर. पर हायेत की."

"आहेत ते मलाही माहीत आहे. मागचे दोन दिसतील तेव्हा काढ." आणि स्वतःच हसत सुटले.

त्या पुस्तकात प्रत्येक वस्तूची तीन चित्रं असायची. समोरून, बाजूने आणि वरून. वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढलेलं असायचं. आम्हीही तसंच काढायला शिकलो. वरचं खाली का, असं मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "मलाही पटत नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."

शाळा संपली आणि कंपनीने परीक्षा घेतली. अख्खा वर्ग नापास. पेपर तपासणारा तरुण साहेब हेडमास्तरांना म्हणाला, "सगळ्यांनी वरचं चित्र खाली काढलंय. ते वर असतं. यांचा पायाच कच्चा आहे." आमच्या जागांवर बाहेरगावची पोरं भरली. कंपनीच्या फाटकावर जाऊन जाब विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही. मग खापर फुटलं ते सरांच्या डोक्यावर.

सर घरोघर गेले. आमच्या ओसरीवर उभे राहून त्यांनी माझ्या वडिलांपुढे हात जोडले. "माझं चुकलं. मी पोरांना उलटं शिकवलं." वडील म्हणाले, "जमीन त्यांनी घेतली मास्तर, पोरं तुमी बुडवली." सर मान खाली घालून निघून गेले. वडिलांचा मला त्या दिवशी जो राग आला, तो आजही गेलेला नाही. त्याच वर्षी सरांनी तळेगावला बदली मागून घेतली.

मी कासारवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये माल उचलायला लागलो. काही वर्षांनी तिथे परदेशातून एक यंत्र आलं. खोका उघडला, तर आत यंत्राचं ड्रॉइंग, आणि वरून दिसणारं चित्र चक्क खाली. मी आमच्या इंजिनिअरला म्हणालो, "साहेब, हे चुकलंय ना?"

"चुकलं कशाला? त्यांच्याकडे खाली काढतात, आपल्याकडे वर. दोन्ही बरोबर. वाचणाऱ्याला कळतं."

वाचणाऱ्याला कळतं. म्हणजे त्या तरुण साहेबालाही कळलंच असणार. नालायक माणूस.

रविवारी मी तळेगाव गाठलं. सर रिटायर झाले होते, त्यांना फार कमी दिसत होतं. मी धावतपळत आल्यासारखं सगळं सांगून टाकलं. "सर, तुमचं बरोबर होतं." त्यांना बरं वाटेल, अशी माझी खात्री होती.

"म्हणजे मी फाटकावर जाऊन भांडायला हवं होतं," ते म्हणाले. "आणि मी तुमच्या दारोदार हात जोडत फिरलो रे."